मानशीचं दार कोणाच्या हातात?

एप्रिल संपत आला होता तेव्हा मामाचा फोन आला, बाये रविवारी ये, एक अर्ज टाईप करायचाय. माझं आजोळ पिळगाव, डिचोली तालुका, आणि मामाचं शेत खाली नदीकडे, सारमानसच्या बाजूला, जिथून टोंकची फेरीबोट सुटते. त्या जागेच्या नावातच मानस आहे. पुस्तकातल्या मराठीत मानस म्हणजे मन, पण आमच्याकडे मानस म्हणजे खाजनाच्या बांधात बसवलेलं पाण्याचं दार. मामा अठ्ठ्याहत्तरचा, मराठी वाचता-लिहिता छान येतं पण आता डोळे साथ देत नाहीत, म्हणून मी फोनमधलं ते बोलून टाईप करायचं सुरू केलं, फोन त्याच्या तोंडासमोर धरला आणि म्हटलं मामा तू नेहमीसारखं बोल, बाकी हा लिहील. मामा घरात बोलतो तसाच बोलला, "मानशीची फळी कुसल्या, पावसापयलीं बदलपाक जाय." म्हणजे मानशीची फळी कुजलीय, पावसाच्या आधी बदलायला पाहिजे.

स्क्रीनवर आलं: मनाची फळी कुशल आहे पाऊस पहिली बदल पाहिजे.

मी परत घेतलं, हळू बोलायला लावलं, भाषा बदलून कोकणी करून बघितलं, कधी मनाची कधी माणसाची, पण कुसल्याचं कुशल काही सुटेना. कुजलेली फळी कुशल झाली. मामाने मला वाचून दाखवायला सांगितलं, ऐकलं, आणि एवढंच विचारलं, "अशें बरयल्यार कोण येतलो पळोवपाक?" असं लिहून गेलं तर बघायला येईल कोण. अर्ज मग मी हातानेच टाईप केला, पण त्याचा तो प्रश्न घेऊन मी घरी आले.

मी पर्वरीला एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करते, चौदा वर्षं झाली. दुसऱ्याने बांधलेली वस्तू कुठे फुटते ते ती लोकांच्या हातात जायच्या आधी शोधायचं हे माझं काम, आणि रिलीजची तारीख जवळ आली की सगळ्यात पहिले टेस्टिंगचे दिवस कापले जातात हे मी दर प्रोजेक्टला बघत आलेय. त्यामुळे एआयबद्दल मला जे म्हणायचंय ते सरळच सांगते. ही मशीन बांधावी, जोमाने बांधावी, मी तिच्या विरोधात अजिबात नाही. पण किती वेगाने बांधायची हे आपल्याला तिची तपासणी किती करता येते त्यावरून ठरावं, शेजारचा किती पळतोय त्यावरून ठरू नये, आणि तपासणीचं दार अशा माणसाच्या हातात नको ज्याची कमाईच ते दार उघडं ठेवण्यावर आहे. हे शेवटचं मी ऑफिसात नाही शिकले, खाजनात शिकले.

ज्यांनी खाजन बघितलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. मांडवी-जुवारीच्या काठाची ही सखल जमीन, भरतीला समुद्राचं खारं पाणी नदीतून वर चढतं आणि मोकळं सोडलं तर शेतात घुसतं. आपल्या पूर्वजांनी शेकडो वर्षांपूर्वी चिखल, पेंढा, चिरे घालून बांध उभे केले, बाहेरच्या अंगाला खारफुटी राखली आणि बांधात मानशी बसवल्या. मानशीचं लाकडी दार असं टांगलेलं असतं की भरती बाहेरून रेटायला लागली की ते आपसूक मिटतं आणि ओहोटीला आतल्या पाण्याचा जोर झाला की उघडतं, वीज नाही मोटर नाही. दिवसातून दोनदा भरती म्हणजे दाराची परीक्षा रोज दोनदा, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला मोठी परीक्षा. नुसता बांध घालून दार पुढच्या वर्षी बसवू म्हटलं तर पावसाचं पाणी आत कोंडतं आणि भात कुजतं, दार झालं पण बांध अर्धाच राहिला तर खारं पाणी बाजूने आत येतं, म्हणून दोन्ही बरोबर वाढवत न्यावं लागतं आणि दर उधाणाला जाऊन बघावं लागतं की टिकलं का. मामा म्हणतो बांध कधीच एकदम फुटत नाही. कुर्ली म्हणजे खेकडा, ती बीळ करते, त्या बिळातून बोटाएवढी धार लागते, ती त्याच दिवशी चिखल दाबून बुजवली तर काही नाही, नाही बुजवली तर पुढच्या उधाणाला तिथेच भगदाड.

आता एआय. ३० नोव्हेंबर २०२२ ला चॅटजीपीटी लोकांसमोर आलं आणि बऱ्याच जणांना वाटलं की ही गोष्ट त्या दिवशी आकाशातून पडली, आणि मला वाटतं आजच्या निम्म्या घाईचं मूळ या गैरसमजात आहे, कारण जे एका रात्रीत आलं असं वाटतं ते दुसऱ्या रात्री आपणही आणू शकू असंही वाटतं. खरा हिशोब सत्तर वर्षांचा आहे. १९५६ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत डार्टमथ कॉलेजात मॅकार्थी, मिन्स्की, शॅनन, रोचेस्टर या मंडळींनी जी बैठक भरवली तिच्या प्रस्तावात दहा माणसं आणि दोन महिने असा अंदाज होता, निवडक लोक एक उन्हाळा एकत्र बसले तर यातल्या एखाद्या तरी प्रश्नात मोठी मजल मारता येईल अशी त्यांची खात्री होती. १९५८ साली सायमन आणि न्यूएल म्हणाले दहा वर्षांत कंप्युटर बुद्धिबळाचा जगज्जेता होईल. झाला, पण १९९७ ला, डीप ब्लूने कास्पारोव्हला हरवलं तेव्हा. मधे १९७३ ला ब्रिटनमध्ये लाइटहिल रिपोर्ट आला, यातून बोलल्यासारखं काही निघालं नाही असा त्याचा सूर, आणि तिथल्या संशोधनाचा पैसा आटला. ही सगळी कमालीची हुशार माणसं होती, त्यांची बुद्धी कमी पडली नाही, त्यांचा वेळेचा अंदाज चुकला, आणि अंदाज मोठा करून सांगितला की निराशाही तेवढीच मोठी होते आणि त्यात खरं काम करणारे भरडले जातात.

जे मागे राहिले आणि काम करत राहिले त्यांच्यामुळे आजची मशीन आहे. १९८६ ला रुमेलहार्ट, हिंटन आणि विल्यम्स यांनी जी शिकवायची रीत नीट मांडली ती ऐकायला अगदी साधी आहे. मशीनने उत्तर दिलं, चूक किती झाली ते मोजलं, मग शेवटापासून सुरुवातीकडे येत आतल्या प्रत्येक आकड्याचा त्या चुकीत किती हात होता ते काढलं आणि तो आकडा किंचित, अगदी किंचित सरकवला. मग पुढचं उदाहरण. असं कोट्यवधी वेळा. आजचं भाषा लिहिणारं मॉडेलसुद्धा पुढचा शब्द कोणता येईल याचा अंदाज करतं आणि चुकलं की असंच किंचित सरकवलं जातं, फक्त ते सरकवायचे आकडे आता अब्जांनी मोजायचे, जीपीटी-३ मध्ये २०२० ला १७५ अब्ज होते. म्हणजे मशीनचं स्वतःचं शिकणंसुद्धा चुकीकडे बघत थोडं थोडं पुढे जायचं असंच आहे.

आणि उदाहरणं कुठून आली? फेइ-फेइ ली या प्राध्यापक बाईंनी २००७ च्या सुमाराला चित्रांचा मोठा संग्रह करायचं मनावर घेतलं, २००९ ला इमेजनेट जाहीर झालं, आणि त्यात पुढे जी १ कोटी ४० लाखांच्या आसपास चित्रं जमली ती प्रत्येक कोणीतरी डोळ्याने बघून हे मांजर, ही होडी असं लावून दिलेली आहेत, १६७ देशांतल्या जवळजवळ ४९,००० लोकांनी. २०१२ ला टोरांटोच्या क्रिझेव्हस्की, सुट्स्केव्हर आणि हिंटन यांच्या मॉडेलने इमेजनेटची चित्रं ओळखायच्या स्पर्धेत बाकीच्यांना मागे टाकलं, आणि ते शिकवलं गेलं गेम खेळायच्या दोन ग्राफिक कार्डांवर, पाच-सहा दिवसांत. गोष्ट सांगताना लोक ते पाच-सहा दिवस सांगतात, आधीची पाच वर्षं आणि ते ४९,००० लोक कोणी सांगत नाही.

मला सगळ्यात जवळचं वाटतं ते प्रोटीनचं उदाहरण, टेस्टर म्हणून तर फारच. शरीरातलं प्रोटीन म्हणजे अमिनो आम्लांची लांब साखळी, ती घडी पडून एका ठराविक आकारात बसते आणि आकारावर तिचं काम ठरतं. साखळी वाचणं सोपं झालं होतं पण आकार काढायला क्रिस्टल वाढवायचे, त्यावर एक्स-रे सोडायचे, एकेका रचनेत लोकांची वर्षं गेली. १९७१ ला या रचनांचं सार्वजनिक कोठार सुरू झालं तेव्हा त्यात सात रचना होत्या. सात. हळूहळू करत २०२० पर्यंत त्या दीड लाखाच्या वर गेल्या. आणि १९९४ पासून दर दोन वर्षांनी कास्प नावाची एक परीक्षा भरते, ज्यात लॅबमध्ये नुकत्याच सापडलेल्या किंवा सापडायच्या बेतात असलेल्या, पण अजून कुठे छापून न आलेल्या रचनांची फक्त साखळी देतात आणि आकार ओळखा म्हणतात. पेपर फुटायचा प्रश्नच नाही कारण उत्तर जाहीरच झालेलं नसतं. वर्षानुवर्षं लोक त्यात थोडे थोडे मार्क वाढवत राहिले, काही वर्षं तर पुढे सरकलेच नाहीत, आणि २०२० ला डीपमाइंड कंपनीचं अल्फाफोल्ड नावाचं मॉडेल एवढं अचूक आलं की परीक्षा घेणारेच थक्क झाले. २०२२ पर्यंत २० कोटी प्रोटीनच्या आकाराचे अंदाज सगळ्यांसाठी खुले झाले, २०२४ चं केमिस्ट्रीचं नोबेल त्यासाठी हसाबिस आणि जम्पर यांना मिळालं, सोबत नवीन प्रोटीन घडवणाऱ्या बेकर यांना. विद्यार्थी पास व्हायच्या सव्वीस वर्षं आधी पेपर तयार होता आणि तो पेपर विद्यार्थ्याने काढलेला नव्हता, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. परीक्षा खरी होती म्हणूनच त्या दिवशी जगाने विश्वास ठेवला.

आपल्याकडे ही वृत्ती नव्हती असं नाही. दामोदर धर्मानंद कोसंबी गोव्यातच जन्मले, १९०७ ला, गणिती माणूस, आणि त्यांनी जुनी आहत, म्हणजे ठसे ठोकून केलेली, नाणी हजारोंनी एकेक करून तराजूत तोलली, कारण नाणं हातोहात फिरताना झिजतं आणि वजनं नीट मोजली तर ते किती काळ फिरलं याचा अंदाज संख्याशास्त्राने लावता येतो. तराजूसमोर बसलेल्या त्या तासांचा फोटो कोणी काढला नसेल. पण नाण्यांकडे बघायची रीत त्या कामाने बदलली.

आता मुख्य अडचणीकडे येते. पूल बांधला तर कुठली सळी कुठे आहे ते इंजिनियरला ठाऊक असतं, माझ्या ऑफिसातल्या प्रोग्रामची ओळ न् ओळ मी उघडून बघू शकते. मोठं मॉडेल तसं नसतं. त्याच्या आत अब्जावधी आकडे आहेत, ते सरकून सरकून जागेवर बसलेत, आणि कुठल्या आकड्यांत काय साठलंय हे बनवणाऱ्यालाही पूर्ण सांगता येत नाही, ते समजून घ्यायचं शास्त्र आत्ता कुठे उभं राहतंय. म्हणजे ही वस्तू बांधली म्हणण्यापेक्षा वाढवली म्हणायची, झाडासारखी, आणि वाढवलेल्या वस्तूचा स्वभाव कळायला तिच्याबरोबर वेळ घालवण्याशिवाय दुसरा मार्ग मला तरी दिसत नाही. मायक्रोसॉफ्टने मार्च २०१६ ला टे नावाचा बोलणारा बॉट ट्विटरवर सोडला, लोकांनी त्याला घाण शिकवली, एका दिवसाच्या आत तो मागे घ्यावा लागला. उलट जीपीटी-४ चं शिक्षण ऑगस्ट २०२२ ला संपलं होतं आणि ते लोकांना मिळालं मार्च २०२३ ला, मधल्या काळात बाहेरच्या पन्नासच्या वर तज्ज्ञांनी ते मुद्दाम बिघडवायचा प्रयत्न केला. ते मधले सात महिने कोणाला वाया गेले असं वाटत असेल तर मी त्यांच्याशी भांडायला तयार आहे.

आणि तरीसुद्धा भोकं राहिलीच. २०२३ मध्येच अमेरिकेतल्या ब्राउन युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी दाखवलं की जे धोकादायक प्रश्न इंग्रजीत विचारले की जीपीटी-४ नकार देतं तेच प्रश्न झुलूसारख्या, नेटवर कमी असलेल्या भाषेत भाषांतर करून विचारले की ते बऱ्याचदा उत्तर देतं. हे वाचलं तेव्हा मला कुर्लीचं बीळ आठवलं. बांध इंग्रजीच्या बाजूने पक्का, रोज माणसं फिरतात म्हणून तिथली धार लगेच दिसते, आणि लहान भाषांच्या बाजूला कोण फिरतच नाही. मामाची फळी कुशल झाली ती त्याच बाजूला.

लोक म्हणतात, आणि माझ्या ऑफिसातला एक हुशार मुलगा मला हे तोंडावर म्हणाला, की ताई तू असं जपून जपून करत बसशील तोपर्यंत चीन आणि अमेरिका पुढे निघून जातील, सावकाश जाणं ही श्रीमंतांची चैन आहे, आपल्याला नोकऱ्या आत्ता पाहिजेत. हा मुद्दा हलका नाही. गोव्यातली शिकलेली मुलं बंगळूर-पुण्याला जातात हे मी माझ्याच घरात बघते. पण जपून म्हणजे सावकाश नाही. सुपरकंप्युटर मिळायला अमेरिकेकडून अडचण झाली तेव्हा १९८८ ला पुण्यात सी-डॅक ही सरकारी संस्था उभी राहिली आणि विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ ला परम ८००० तयार झाला, तीन वर्षांत, आणि त्यात रीत अशी की साधे प्रोसेसर जोडत जोडत जायचं. हा वेग होता, पण काय करायचंय ते ठरवून घेतलेला, आणि यंत्र चालतंय की नाही ते गणित सोडवून दाखवायचं होतं, नुसतं जाहीर करून भागणार नव्हतं. अल्फाफोल्डही शेवटच्या टप्प्यात झपाट्याने पुढे गेलं, पण पायाखाली पन्नास वर्षांची जमीन होती. ज्याला मी घाबरते तो वेग दुसरा, शेजारी पळतोय म्हणून आपण पळायचं, आणि तो पळतोय कारण आपण पळतोय.

तसा वेग गोव्याने बघितलाय. चीनची मागणी वाढली आणि आमच्या भागातून खनिजाचे ट्रक एकामागोमाग एक जायला लागले, सारमानसच्या जेटीवरून बार्जेस भरून निघायच्या, रस्त्याकडेच्या घरांतली ताटंसुद्धा लाल धुळीने भरायची. ज्याच्याकडे थोडी जमीन होती त्याने ती ठेवून ट्रक घेतला, शेजाऱ्याने दोन घेतले म्हणून याने तिसरा घेतला. किती खणतोय, कुठला परवाना आहे, मातीचे ढीग पावसात कुठे जातायत हे मोजणारं दार कोणी बसवलंच नव्हतं, आणि जे होतं ते मिटत नव्हतं. २०१२ च्या सप्टेंबरमध्ये बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शाह आयोगाचा रिपोर्ट आला, त्याच महिन्यात राज्य सरकारने खाणी थांबवल्या आणि ऑक्टोबरमध्ये सुप्रीम कोर्टाने सगळंच बंद केलं. महिन्याभरात. ट्रक उभे, हप्ते चालू. २०१८ ला परत ८८ लिजेस रद्द झाल्या. तेव्हा कोणी खाणवाल्यांना शिव्या दिल्या, कोणी कोर्टाला, पण मला वाटतं जे हळूहळू, मोजून, वर्षानुवर्षं चालवता आलं असतं ते धावून धावून आपण बंद पाडलं, आणि ते पडलं तेव्हा ज्यांचा फायदा सगळ्यात कमी होता त्यांच्याच डोक्यावर पडलं. एआय थांबवा म्हणणाऱ्यांना मी म्हणून हेच सांगते, अचानक थांबवायची वेळ येऊ द्यायची नसेल तर मोजमाप आत्ता बसवा.

आणि ते मोजमाप कोणाच्या हातात? खाजनात याचं उत्तर सगळ्यांना ठाऊक आहे आणि तरी आपण तिथे चुकलोय. ओहोटीला मानशीतून पाणी बाहेर पडतं तेव्हा जाळं लावलं की मासळी मिळते, भरपूर मिळते, म्हणून मानशीवरच्या मासेमारीचा लिलाव होतो. लिलाव घेणाऱ्याने पैसे भरलेले असतात, त्याला मासळी जास्त पाहिजे, आणि मासळी जास्त पाहिजे तर खारं पाणी जास्त वेळ आत यायला पाहिजे. मग दार मिटायच्या वेळी मिटत नाही. दार चांगलं असतं, लाकूड चांगलं असतं, बांधही शाबूत असतो आणि तरी शेतात खारं पाणी उभं राहतं, दोन-तीन वर्षांत शेत पडीक. पूर्वी गावकरी म्हणजे कोमुनिदाद बांधाची देखभाल करायची, कूळ कायद्यानंतर ती जबाबदारी टेनंट असोसिएशनकडे आली, आणि जिथे शेत करणारे कमी झाले तिथे लिलावाच्या पैशाकडे बघणारे तेवढे उरले. लिलाव घेणारा वाईट माणूस असतो असं मी म्हणत नाही. त्याच्या जागी मी असते तर मलाही दार थोडं अजून उघडं असावं असंच वाटलं असतं, म्हणूनच दार त्याच्याकडे द्यायचं नाही.

एआय कंपन्यांचं आज बऱ्याच अंशी असंच चाललंय. मॉडेल त्यांचं, परीक्षा त्यांनी काढलेली, मार्क त्यांनी दिलेले, आणि रिलीजची तारीखही त्यांनीच ठरवलेली. त्यातल्या काही कंपन्या मनापासून तपासतात, स्वतःवर नियम घालून घेतात, त्याचं मला कौतुक आहे, पण स्पर्धा वाढली की टेस्टिंगचे दिवस कसे कापले जातात ते मी माझ्या लहानशा ऑफिसात बघितलंय. जेफ्री हिंटन, ज्यांनी १९८६ ची ती रीत मांडली आणि २०२४ ला फिजिक्सचं नोबेल मिळवलं, त्यांनी २०२३ ला गूगल सोडलं ते धोक्यांबद्दल मोकळेपणी बोलता यावं म्हणून. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये ब्रिटनमध्ये ब्लेचली पार्कला २८ देशांनी एकत्र येऊन धोके मान्य केले, त्यात भारत होता, चीन आणि अमेरिकाही होते, म्हणजे एकमेकांच्या भीतीने पळणारे एका टेबलावर बसू शकतात. ब्रिटनने तपासणीसाठी वेगळी सरकारी संस्था काढली, भारतानेही जानेवारी २०२५ मध्ये तशी संस्था काढायची घोषणा केली. इंडिया एआय मिशनला २०२४ ला दहा हजार कोटींच्या वर मंजूर झालेत. माझी मागणी एवढीच आहे की त्यातला मोठा वाटा चिप्स घेण्याइतकाच पेपर काढण्यावर खर्च व्हावा, आणि ते पेपर आपल्या सगळ्या भाषांत असावेत, नुसत्या हिंदी-इंग्रजीत नको. कोकणी १९९२ ला आठव्या परिशिष्टात आली, मराठी तर आधीपासून आहे, पण पिळगावचा माणूस या दोन्हीच्या मधे कुठेतरी बोलतो आणि मशीनने त्याला सरकारी योजना समजावून सांगायची असेल तर आधी त्याची फळी कुजलीय हे तिला ऐकू आलं पाहिजे.

हे काम सरकार करेल म्हणून वाट बघणंही मला पटेना. आपल्या देशातल्या भाषांसाठी काम करणारे लोक आहेत, आयआयटी मद्रासचं एआयफोरभारत आहे, २०२२ ला सुरू झालेलं भाषिणी आहे, पण चेन्नईत बसलेल्या मुलीला कुसल्या म्हणजे काय हे कोण सांगणार? तेव्हा मे महिन्यापासून आम्ही चौघं, मी, डिचोलीच्या एक निवृत्त शिक्षिका, माझा मामेभाऊ आणि त्याची कॉलेजात शिकणारी मुलगी, रविवारी आवाज रेकॉर्ड करतो. आधी परवानगी घेतो, कशासाठी घेतोय ते सांगतो, नको म्हणाले तर नको. मग लिहून काढायचं. एक तासाचं बोलणं नीट लिहायला आम्हाला सात-आठ तास लागतात, कारण माणूस एका वाक्यात मराठी सुरू करून कोकणीत संपवतो, मधे एक पोर्तुगीज शब्द येतो, आणि कुठला शब्द कसा लिहायचा यावर आमच्यातच वाद होतात. बाई मानस लिहिताना शेवटचा स तोडायचा नाही म्हणतात, भाऊ म्हणतो बोलताना तो तुटतोच. असे वाद झाले की आम्ही ठरलेला नियम एका कागदावर लिहून ठेवतो, तो कागद आता चार पानांचा झालाय. पहिल्या महिन्यात मी फार वैतागले होते, एवढ्या कष्टाने हाताला लागलं काय तर काही मिनिटांचं स्वच्छ बोलणं. मग एकदा मामेभावाच्या मुलीने दोन वेगवेगळ्या म्हाताऱ्यांच्या तोंडचा एकच शब्द एकापाठोपाठ लावून ऐकवला, एकाचा स आणि दुसऱ्याचा श, आणि फोन कुठे चुकला ते आम्हाला पहिल्यांदा कानाने कळलं.

रेकॉर्डिंग आम्ही ज्याला हवं त्याला देणार आहोत. एक गोष्ट मात्र देणार नाही. दोनशे वाक्यांची एक यादी आम्ही काढलीय, खाजन, मानस, बांध, मासळी, भात, यातली रोजची वाक्यं, ती वहीत हाताने लिहिलीय, फोटो काढायचा नाही, नेटवर टाकायची नाही, कारण मशीनने आधीच वाचलेला पेपर हा पेपर राहत नाही. जूनमध्ये पावसाला सुरुवात झाल्यावर तीन वेगवेगळ्या अॅपना मामाच्या आवाजात ती ऐकवली, एकालाही निम्मी वाक्यं बरोबर लिहिता आली नाहीत. दर सहा महिन्यांनी परत ऐकवायची असं ठरलंय. वहीत पहिल्याच ओळीवर मानशीची फळी कुसल्या आहे आणि तिच्यासमोर तीन रकाने, तिन्हींत फुली.

खरी फळी लोकांनीच वर्गणी काढून मेच्या शेवटच्या आठवड्यात बदलली, मामा खुर्ची टाकून बांधावर बसला होता. पुढच्या रविवारी आम्ही नार्व्याला जातोय. तिथे माझ्या आजीची एक मैत्रीण आहे, ब्याण्णव वर्षांची, बांधाच्या चिखलाचे सात-आठ प्रकार ती नावानिशी सांगते म्हणतात, आणि तिने निरोप पाठवलाय की सकाळी नऊच्या आत आलात तरच बोलेन, नंतर तिला झोप येते.